वाचक विचारतात : कळवले, पण पुढे कुणी हाती घेतले?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीभोवतीची आहेत. एखाद्या मुलाला किंवा मुलीला धोका आहे हे पत्र लिहिणाऱ्याला दिसते आहे, पण ते कुणाला सांगायचे, सांगितल्यावर कोणते कार्यालय काय करणार आणि सांगणाऱ्याचे काय होणार, हे त्याला उमगत नाही. मी एका जिल्ह्याच्या बालकल्याण समितीवर, म्हणजे संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत आदेश देणाऱ्या समितीवर, एक पूर्ण मुदत काम केले आहे. त्या काळात माझी अशी खात्री झाली की आपल्याकडे कायदे पुरेसे आहेत आणि बहुतेक तालुक्यांत माणसेही नेमलेली आहेत. मूल निसटते ते एका कार्यालयाने 'आम्ही कळवले' असे म्हणणे आणि दुसऱ्याने ते प्रत्यक्ष हाती घेणे यांच्यामधल्या फटीतून. म्हणून पुढील उत्तरांत कुणाकडे जायचे यापेक्षा त्या फटीत काय करायचे यावर मी जास्त भर दिला आहे. कोणत्याही मुलाची ओळख उघड करणे हा बाल न्याय अधिनियमाखाली गुन्हा असल्याने पत्रांतील नावे, गावे आणि काही तपशील वगळले आहेत.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आठवीतील एक मुलगी दिवाळीनंतर शाळेत आलेली नाही. आईवडील ऊसतोडीला जाण्यापूर्वी तिचे लग्न उरकणार आहेत असे तिच्या मैत्रिणी सांगतात. गावचे सरपंच मुलाकडच्यांचे नातेवाईक आहेत. मी कुणाला सांगावे? आणि माझे नाव फुटले तर मला या गावात नोकरी करणे अवघड होईल.

उत्तर : बाई, मुलगी कोणत्या तारखेपासून वर्गात नाही हे तुमच्या हजेरीपटावर आहे आणि तिची जन्मतारीख तुमच्या शाळेच्या प्रवेश नोंदवहीत आहे. या प्रकरणात सर्वांत भक्कम पुरावा तुमच्याच कपाटात आहे, हे आधी लक्षात घ्या. लग्न थांबवायला गेलेल्या पथकासमोर घरचे लोक हमखास 'मुलगी एकोणीस वर्षांची आहे' असे सांगतात, आधारकार्डही दाखवतात. वय ठरवताना बाल न्याय अधिनियम शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्याला पहिल्या पुराव्यांमध्ये धरतो, पण मांडवात उभ्या असलेल्या ग्रामसेवकाच्या हातात तो दाखला नसेल तर पथक परत फिरते. असे घडलेले मी पाहिले आहे. म्हणून दाखल्याची प्रत तयार ठेवा आणि जे पथक जाईल त्याच्या हाती ती पोहोचली की नाही हे स्वतः विचारा.

आता सांगायचे कुणाला हा प्रश्न. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ खाली आपल्या राज्यात गावपातळीवर ग्रामसेवक, म्हणजे ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात ते, बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि अंगणवाडी सेविका त्यांना साहाय्य करतात. गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समितीही असते. परंतु तुमच्या गावात सरपंचच संबंधित असल्याने गावपातळीवरून सुरुवात करू नका. १०९८ या क्रमांकावर फोन करा. ही चाइल्डलाइन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि अनेक वर्षे स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्यातून चालली. २०२३ पासून ती टप्प्याटप्प्याने राज्य शासनाच्या महिला व बालविकास विभागाकडे आली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. नाव न सांगताही तिथे माहिती देता येते. त्याच दिवशी जिल्हा बाल संरक्षण कक्षालाही कळवा. हा कक्ष जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम करतो आणि पोलीस, ग्रामसेवक व बालकल्याण समिती यांना एकत्र आणण्याचे काम मुळात त्याचेच आहे.

लग्नाची तारीख ठरली नसली तरी चालते. लग्न होऊ घातले आहे एवढ्या विश्वसनीय माहितीवर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम काढू शकतात आणि तो मोडून लावलेले लग्न मुळातच शून्य ठरते. अक्षय तृतीयेसारख्या दिवशी, जेव्हा अनेक ठिकाणी एकाच वेळी लग्ने लागतात, तेव्हा कायद्याने खुद्द जिल्हाधिकाऱ्यांनाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी मानले आहे. लग्न लावणारे, ठरवणारे आणि जाणूनबुजून त्याला हजर राहणारेही दोन वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीला आणि एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडाला पात्र ठरतात. मंगल कार्यालयाचे मालक, मंडपवाले आणि भटजी यांना हे आधी सांगितले तर कित्येकदा लग्न तिथेच अडते. जिचा विवाह होऊ घातला आहे अशी अल्पवयीन मुलगी बाल न्याय अधिनियमाच्या व्याख्येनुसार 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' ठरते. त्यामुळे तिला बालकल्याण समितीपुढे आणता येते आणि समिती तिच्या भल्याचा आदेश देऊ शकते.

माझ्या मते खरी अडचण लग्न थांबल्यानंतर सुरू होते. पथक जाते, पालकांकडून हमीपत्र लिहून घेते, फाइल बंद होते आणि आठ दिवसांनी शेजारच्या तालुक्यात नातेवाइकाच्या शेतात तेच लग्न लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. परभणीत हे प्रमाण सुमारे ४८ टक्के आणि तुमच्या बीडमध्ये सुमारे ४४ टक्के होते. हा नुसता रूढीचा आकडा नाही. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला मिळते. शिवाय आईवडील सहा महिने फडावर असताना वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची हा त्यांचा प्रश्न खोटा नसतो. त्यामुळे या हंगामात मुलगी कुठे राहील याचे उत्तर ज्या दिवशी लग्न थांबते त्याच दिवशी ठरले पाहिजे. हंगामी वसतिगृह, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची शासकीय वसतिगृहे, किंवा आजीकडे राहून बालसंगोपन योजनेची मदत, यांपैकी काय शक्य आहे ते शिक्षण विभागाला, समाजकल्याण विभागाला आणि बालकल्याण समितीला एकत्र बसूनच ठरवता येते. तुमचे काम इथे पुन्हा येते. ती शाळेत परतली की नाही हे रोज कळणारी संपूर्ण यंत्रणेतली एकमेव व्यक्ती तुम्ही आहात. सलग तीन दिवस ती गैरहजर राहिली तर जिल्हा कक्षाला पुन्हा फोन करा. त्या फोनमुळे हमीपत्राला अर्थ येतो.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेतील एका प्रशिक्षकाने तिला नको तिथे हात लावल्याचे मला सांगितले. मुख्याध्यापिका म्हणतात की शाळेची समिती आठवडाभरात चौकशी करील, तोवर पोलिसांकडे जाऊ नका. सासरचे म्हणतात, मुलीचे नाव होईल. पोलिसांकडे गेल्यास माझ्या मुलीला नेमके कशाकशाला सामोरे जावे लागेल? (ठाणे जिल्हा)

उत्तर : तुम्ही तिच्यावर विश्वास ठेवलात आणि लगेच विचारलेत, हे तिच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. आता मुख्याध्यापिकांचे म्हणणे बाजूला ठेवा, कारण कायद्याने त्यांना तसे सांगण्याचा अधिकारच दिलेला नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे पोक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचे ज्याला समजते त्या प्रत्येकाने तो विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवल्यास ही कैद एक वर्षापर्यंत असते. शाळेने नंतर स्वतःची खातेनिहाय चौकशी जरूर करावी, पण ती पोलिसांत कळवण्याची जागा घेऊ शकत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका वसतिगृहातील मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले की माहिती असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे आणि त्यावरचा खटला सुरुवातीलाच रद्द करता येणार नाही. तिथे प्रश्न मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा होता. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि गुन्हा नोंदवण्यातल्या विलंबाबद्दल पोलिसांना व माहिती न दिल्याबद्दल शाळेला कठोर शब्दांत जाब विचारला. तुमच्याच जिल्ह्यात इतके घडल्यानंतरही एखादी मुख्याध्यापिका आठवडाभर थांबायला सांगते हे वाचून मला वाईट वाटले.

तुमच्या मुलीपुढे काय येईल ते आता क्रमाने सांगतो. तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. तुम्ही तिच्याजवळ बसू शकता. कोणत्याही मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करतात आणि ती तुमच्या किंवा मुलीचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या उपस्थितीत होते. गुन्हा अजून नोंदला नसला तरी रुग्णालयाने तपासणी आणि उपचार नाकारता कामा नयेत आणि त्यासाठी पोलिसांचे पत्र मागता कामा नये. पोलिसांनी २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते.

समितीला कळवण्याची ही पायरी पुष्कळदा निव्वळ औपचारिकता होऊन बसते. एक पानी पत्र येते, त्यात मुलाचे वय आणि कलमे एवढेच लिहिलेले असते, ते आवक नोंदवहीत चढते आणि संपते. वास्तविक त्या पत्रावरून समितीने मुलासाठी एक सहाय्यक व्यक्ती नेमायची असते. ही व्यक्ती तपासापासून निकालापर्यंत मुलासोबत राहते, न्यायालयात पुढे काय होणार हे त्याला समजेल अशा भाषेत सांगते, तारखा कळवते आणि समुपदेशक मिळवून देते. तुम्हाला पोलिसांच्या कागदांत हे लिहून मिळाले नाही तर दोन-तीन दिवसांनी स्वतः जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे जा आणि 'माझ्या मुलीसाठी सहाय्यक व्यक्तीचा आदेश झाला आहे का' असा लेखी प्रश्न विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या नेमणुकांबाबत राज्यांना निर्देश दिले आहेत, त्यामुळे समितीला उत्तर द्यावेच लागते. आरोपी त्याच घरात राहणारा असता तर पोलिसांनी मुलीला २४ तासांत समितीपुढे आणायचे असते आणि तिला कुठे ठेवायचे हे समितीने तीन दिवसांत ठरवायचे असते. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही. अत्याचार सोसलेल्यांसाठीच्या राज्याच्या मनोधैर्य योजनेखालील अर्थसाहाय्य जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळते आणि वकीलही तिथून विनामूल्य मिळू शकतो.

एक विनंती मात्र मनापासून करतो. मुलीला पुन्हा पुन्हा विचारू नका आणि नातेवाइकांनाही विचारू देऊ नका. तिने सांगितलेले तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा. शाळेची समिती तिला बोलावील तर नम्रपणे नकार द्या. मुलाने एकच गोष्ट सात जणांना सांगितली की प्रत्येक वेळी एखादा शब्द बदलतो, पुढे न्यायालयात त्याच बदलावर बोट ठेवले जाते, आणि खटल्याचे सोडून दिले तरी त्या मुलाला ते सारे सात वेळा पुन्हा सोसावे लागते. नाव होण्याच्या भीतीबद्दल सांगायचे तर मुलीची ओळख उघड करणाऱ्या वृत्तपत्रावर किंवा व्यक्तीवर गुन्हा होतो. पोलीस ठाण्याने तक्रार घ्यायचे टाळले तर जिल्हा पोलीस प्रमुख किंवा पोलीस आयुक्त, बालकल्याण समिती आणि राज्य बालहक्क संरक्षण आयोग या तिघांकडे एकाच दिवशी लेखी कळवा. तक्रार न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यालाही पोक्सोचे कलम २१, म्हणजे न कळवल्याबद्दलच्या शिक्षेचे वर सांगितलेले कलम, लागू होते.

प्रश्न : आमच्या चौकातील उपाहारगृहात बारा-तेरा वर्षांचा परप्रांतीय मुलगा रात्री उशिरापर्यंत भांडी घासतो. मी मालकाला समजावू का?

उत्तर : नका समजावू. तुमचा हेतू चांगला आहे, परंतु मालकाला सुगावा लागला की मूल रातोरात दुसरीकडे हलवले जाते. १०९८ वर पत्ता आणि मूल दिसते ती वेळ सांगा. चौदा वर्षांखालील मुलाला उपाहारगृहात कामाला ठेवणे हा दखलपात्र गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कामगार विभाग, पोलीस आणि बाल संरक्षण कक्ष एकत्र छापा घालतात आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मुलाला बालकल्याण समितीपुढे आणतात. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही आणता येते. मुलाला गावी पाठवण्याआधी तिथल्या समितीकडून घराची चौकशी करून घेणे आवश्यक असते, कारण ज्याने त्याला कामावर पाठवले त्याच काकाच्या हवाली मूल केले गेल्याची उदाहरणे आहेत. छाप्यानंतर पंधरा दिवसांनी कक्षाला एकदा विचारा की मुलगा कुठे आहे. तुम्ही शेजारी म्हणून विचारत आहात असे सांगितले तरी पुरे, त्याची ओळख न उघडता ते तुम्हाला एवढे सांगू शकतात.

प्रश्न : माझा मुलगा वारला, सून दुसरीकडे नांदते आहे. अकरा आणि सात वर्षांची दोन नातवंडे माझ्याजवळ आहेत. माझे वय एकोणसत्तर. एक गृहस्थ येऊन म्हणाले, आमच्या आश्रमात द्या, शिक्षण फुकट होईल. दुसरे म्हणतात, सरकारी समितीकडे गेलीस तर मुले काढून घेतील. काय करू?

उत्तर : आजी, समितीला तुम्ही जितक्या भिता आहात तितकी भीती त्या गृहस्थांची वाटायला हवी. मुलांना ठेवून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला बाल न्याय अधिनियमाखाली नोंदणी करावीच लागते. नोंदणी नसताना संस्था चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड होतो. नोंदणी असलेली संस्थाही समितीच्या आदेशावाचून मूल परस्पर ठेवून घेऊ शकत नाही. त्यामुळे कुणी घरी येऊन 'मुले द्या' म्हणत असेल तर त्याला देऊ नका, कागदावर अंगठा किंवा सही करू नका आणि तो माणूस आल्याचे १०९८ ला कळवा. फुकट शिक्षणाच्या नावाखाली नेलेली मुले पुढे कुठे गेली हे आईवडिलांनाही न सापडल्याची प्रकरणे माझ्यासमोर आलेली आहेत.

समितीकडे जाण्यात काही धोका नाही. कुटुंबात ठेवणे आधी आणि संस्थेत ठेवणे अगदी शेवटचा उपाय, हे कायद्याने घालून दिलेले तत्त्व आहे. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक स्त्री असते. तुम्ही मुलांना घेऊन गेलात की ते तुमच्याशी आणि मुलांशी बोलतील, मग घरी एक कार्यकर्ता येऊन अहवाल तयार करील. घर लहान आहे म्हणून कुणी मुले नेत नाही. मुले शाळेत जातात का, जेवतात का, तुम्हाला बिलगतात का, हे तो पाहतो.

तुम्हाला दोन योजना विचारता येतील. राज्याच्या बालसंगोपन योजनेत दरमहा प्रत्येक मुलामागे २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वात दरमहा ४,००० रुपये असतात, पण त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे : ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये. दोन्हींपैकी एकाचाच लाभ घेता येतो. मुलाच्या मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, शाळेचा दाखला, शिधापत्रिका आणि बँकेचे खाते एवढी जुळवाजुळव करून ठेवा. जिल्ह्याच्या ठिकाणी वारंवार जाणे तुम्हाला झेपणार नाही, म्हणून गावच्या अंगणवाडी ताईंना अर्ज भरून द्यायला सांगा. ते त्यांच्याच कामात मोडते. तुमच्या वयाचा विचार करून एक गोष्टही आताच समितीला सांगून ठेवा. तुम्ही आजारी पडलात तर मुलांना कोण सांभाळील, आत्या किंवा मामा यांपैकी कोण तयार आहे, हे अहवालात नोंदवले गेले तर पुढे मुलांची फरफट होत नाही.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. आमच्या सात वर्षांच्या मुलाने वर्गात 'आई मला मारते' असे सांगितले. शाळेने आम्हाला न विचारता समाजसेवा विभागाला कळवले. मुलाला घेऊन जातील या भीतीने माझी पत्नी झोपलेली नाही. पुण्याला परत यावे का?

उत्तर : घाईने मूल घेऊन देश सोडू नका, त्यातून पळून जाण्याचाच अर्थ काढला जाईल आणि प्रकरण बिघडेल. शाळेने जे केले ते तिथल्या प्रत्येक शाळेला करावे लागते आणि त्यामागे एक वेदनादायक इतिहास आहे. व्हिक्टोरिया क्लिंबिए ही आयव्हरी कोस्टहून नातेवाइकाबरोबर आलेली आठ वर्षांची मुलगी २५ फेब्रुवारी २००० रोजी लंडनमध्ये छळामुळे मरण पावली. तिच्या अंगावर १२८ जखमा होत्या. अनेक नगरपालिकांचे समाजसेवा विभाग, दोन रुग्णालये आणि पोलिसांची दोन बालसंरक्षण पथके यांच्यापर्यंत ती पोहोचलेली होती. लॉर्ड लेमिंग यांच्या २००३ च्या चौकशी अहवालाने दाखवून दिले की तिला वाचवता येईल अशा किमान बारा संधी हुकल्या होत्या. प्रत्येकाकडे थोडी थोडी माहिती होती आणि कुणीही ती एकत्र मांडली नाही. त्यानंतर २००४ चा बालक अधिनियम आला, आणि २०१७ च्या कायद्याने स्थानिक परिषद, पोलीस आणि आरोग्यसेवा या तिघांवर प्रत्येक भागात मिळून मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी टाकली.

तुमच्याकडे आलेला सामाजिक कार्यकर्ता त्या व्यवस्थेचा भाग आहे. शाळेचा निरोप मिळाल्यावर पुढे काय करायचे हे परिषदेला एका कामाच्या दिवसात ठरवावे लागते. बहुतेक प्रकरणे घरच्या परिस्थितीची पाहणी आणि कुटुंबाला मदत एवढ्यावर थांबतात. गंभीर इजेची शंका असेल तर पोलीस, डॉक्टर आणि समाजसेवा विभाग एकत्र चर्चा करून चौकशी सुरू करतात, आणि गरज वाटल्यास त्या चर्चेपासून पंधरा कामाच्या दिवसांत बालसंरक्षण बैठक घेतात. या बैठकीला आईवडिलांनाही सहसा बोलावतात. मूल घरातून नेण्यासाठी न्यायालयाचा आदेश किंवा तुमची संमती लागते. पोलीस स्वतःच्या अधिकारात जास्तीत जास्त ७२ तास मूल सुरक्षित ठिकाणी ठेवू शकतात, तेही तातडीचा धोका असेल तरच.

घडले ते खरे सांगा. 'आमच्या संस्कृतीत चालते' हे उत्तर देऊ नका, कारण ते तिथे उपयोगी नाही आणि इथेही मला ते मान्य नाही. स्कॉटलंडने २०२० मध्ये आणि वेल्सने २०२२ मध्ये मुलांना मारण्यावर पूर्ण बंदी घातली. इंग्लंडमध्ये पालकांना 'वाजवी शिक्षा' असा मर्यादित बचाव अजून आहे, मात्र अंगावर इजा झाली असेल तर तो चालत नाही. पत्नीला इंग्रजीत मोकळेपणाने बोलता येत नसेल तर मराठी दुभाष्या मागा, आणि मुलाला दुभाष्या करू नका. शक्य असल्यास तिथल्या बालकायद्याच्या वकिलाचा सल्ला घ्या. मुलाला मात्र 'तू का सांगितलेस' असे चुकूनही विचारू नका.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका असून ग्राम बाल संरक्षण समितीची सदस्य सचिव आहे. बैठक कागदावरच होते. सह्या घरोघर जाऊन घ्याव्या लागतात. या समितीतून खरोखर काही होऊ शकते का?

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न मला सर्वांत जवळचा वाटला, कारण जिल्ह्यातल्या आमच्या समितीपुढे मूल येईपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असे आणि तो उशीर भरून काढण्याची शक्ती फक्त गावात असते. बाल न्याय अधिनियमाच्या २०२१ च्या दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्यांना बाल संरक्षण कक्षावर देखरेख करण्याचे आणि बालकल्याण समितीच्या कामाचा आढावा घेण्याचे अधिकार दिले, ही चांगली गोष्ट झाली. पण आढाव्यात विचारले जाते ते किती समित्या स्थापन झाल्या आणि किती बैठका झाल्या. कोणत्या मुलाचे काय झाले हे कुणी विचारत नाही. तोपर्यंत तुमच्यासारख्या बायांना सह्या गोळा करत फिरावे लागणार.

सर्व सदस्यांची बैठक जमत नसेल तर तिचा नाद तूर्त सोडा. तुम्ही, आशाताई, एक शिक्षक आणि पोलीस पाटील एवढे चौघे महिन्यातून एकदा, लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीतच अर्धा तास बसा. प्रत्येकाकडे गावातल्या मुलांविषयी वेगळी माहिती असते. तुम्हाला कुपोषित बाळ आणि एकटी पडलेली आई माहीत असते, आशाताईंना अल्पवयीन गरोदर मुलगी ठाऊक असते, शिक्षकांकडे गैरहजेरी असते आणि पोलीस पाटलांना कुणाच्या घरी दारूवरून मारहाण होते, बाहेरगावचा कोण माणूस मुले न्यायला आला होता, हे कळलेले असते. चौघांनी एकाच वहीत एकेका मुलाच्या नावापुढे ते लिहिले की जे एकटीच्या नजरेला साधे वाटले होते ते धोक्याचे दिसू लागते. माझ्या मुदतीत एका गावाने अशी वही ठेवली होती. शाळेत न येणारा मुलगा आणि दवाखान्यात पडल्याचे सांगून दोनदा आणलेला मुलगा एकच आहे, हे त्या वहीमुळे पहिल्यांदा लक्षात आले.

ही वही कुलपात ठेवा आणि तिच्यातले काही चावडीवर बोलले जाऊ देऊ नका. प्रत्येक नोंदीपुढे तीन रकाने आखा : कुणाला कळवले, कोणत्या तारखेला, आणि तिकडून कोणी आले. तिसरा रकाना पंधरा दिवसांनंतरही कोरा असेल तर वरच्या पायरीवर लिहा. आधी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना, मग जिल्हा कक्षाला, आणि तरीही हालचाल नसेल तर थेट बालकल्याण समितीला. मूल समितीपुढे आणण्याचा अधिकार कोणत्याही लोकसेवकाला आणि समाजहिताची तळमळ असलेल्या कोणत्याही नागरिकालाही आहे, त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. सरपंचांच्या सहीसाठी बैठकीचे इतिवृत्त तिमाहीला एकदाच घेऊन जा, आणि जाताना वहीतल्या नावांऐवजी फक्त तो तिसरा रकाना त्यांना दाखवा.